टीव्हीवरून कपडे घेणे का कमी झाले? एक आढावा

टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या वाहिन्यांची चर्चा निघाली की बहुतेकांना कणीक मळण्याचे यंत्र, पोटाचा पट्टा नाहीतर नॉनस्टिक भांड्यांचा संच आठवतो. या वाहिन्यांचा मोठा वेळ मात्र कपड्यांनी व्यापलेला होता. आपल्याकडे पाच साड्यांचा कॉम्बो, ड्रेस मटेरियल आणि लेगिंग्जचे संच, तर अमेरिकेत स्वेटर, जीन्स आणि अंगाला सैल बसणारे टॉप. ही खरेदी गेल्या दहा वर्षांत ओसरत गेली आहे. का ओसरली, याची उत्तरे व्यापारी, प्रसारणक्षेत्रातले लोक आणि ग्राहक वेगवेगळी देतात. त्या उत्तरांत कुठे मेळ बसतो, कुठे बसत नाही, हे तपासण्यासाठी हा आढावा.

पार्श्वभूमी

सुरुवात टीव्हीवर नव्हे, रेडिओवर झाली. 1977 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, क्लिअरवॉटर गावातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राच्या जाहिरातदाराला बिल भागवता येईना. त्याने पैशांऐवजी डबे उघडण्याची 112 उपकरणे दिली. निवेदकाने ती कार्यक्रमातच नऊ डॉलर 95 सेंटला एक या भावाने विकायला काढली आणि ती संपली. त्यातून 1982 मध्ये स्थानिक केबलवरचा आणि 1985 मध्ये देशभराचा होम शॉपिंग नेटवर्क उभा राहिला. पुढच्याच वर्षी जोसेफ सीगल यांनी पेनसिल्व्हेनियात क्यूव्हीसी सुरू केली.

कपड्यांना या पडद्यावर प्रतिष्ठा मिळाली ती 1992 मध्ये. डायान फॉन फुर्स्टेनबर्ग या नामांकित डिझायनरने क्यूव्हीसीवर आपले रेशमी कपडे मांडले आणि दोन तासांत 12 लाख डॉलरची विक्री केली. तोवर टीव्हीवर माल विकणे म्हणजे नाव खराब करून घेणे, अशी फॅशनच्या धंद्यात समजूत होती. तिला इथे तडा गेला. पुढे अनेक डिझायनरांनी केवळ या वाहिन्यांसाठी कपड्यांच्या मालिका काढल्या.

आशियात कोरियाने हा धंदा सर्वांत शास्त्रशुद्ध केला. तिथे 1995 मध्ये दोन वाहिन्या सुरू झाल्या. त्याच पुढे जीएस आणि सीजे या नावांनी ओळखल्या गेल्या. भारतातल्या चोवीस तासांच्या दोन मोठ्या वाहिन्यांमागे याच कोरियन कंपन्यांचा अनुभव होता. 2008 मध्ये नेटवर्क18 समूहाने होमशॉप18 सुरू केले, त्यात जीएसने गुंतवणूक केली. 2009 मध्ये मुंबईतून स्टार सीजे सुरू झाले. नापतोलही 2008 चेच. आधी ते किमतींची तुलना करणारे संकेतस्थळ होते, टीव्हीकडे नंतर वळले आणि दक्षिणी भाषांतल्या स्वतंत्र वाहिन्यांपर्यंत पोचले. त्याआधी, नव्वदच्या दशकात, रात्री उशिरा किंवा भर दुपारी वाहिन्यांकडून विकत घेतलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासांत टेलिब्रँड्स आणि एशियन स्काय शॉप आपला माल दाखवत. त्यात कपडा क्वचितच असे.

उतरण लवकर लागली. स्टारने 2014 मध्ये आपला हिस्सा विकला, वाहिनी शॉप सीजे झाली आणि अखेर तिचा व्यवसाय होमशॉप18 कडे गेला. 2015 मध्ये अक्षय कुमार आणि राज कुंद्रा यांनी गाजावाजा करून काढलेली बेस्ट डील टीव्ही फार काळ चालली नाही. अमेरिकेतही चित्र वेगळे नाही. क्यूव्हीसी आणि होम शॉपिंग नेटवर्क 2017 च्या अखेरीस एका छताखाली आले. 2020 मध्ये या समूहाची उलाढाल 1,400 कोटी डॉलरच्या वर होती. 2024 मध्ये ती सुमारे 1,000 कोटींवर आली. 2025 मध्ये होम शॉपिंग नेटवर्कचे फ्लोरिडातले मुख्यालय बंद करून कामकाज पेनसिल्व्हेनियात हलवण्याचा निर्णय झाला.

टीव्हीला मानवणारा कपडा

कारणांकडे वळण्याआधी एक मुद्दा नीट पाहायला हवा, कारण पुढची बरीच चर्चा त्यावर उभी आहे. टीव्हीवरची विक्री म्हणजे एका वेळी एकच वस्तू, वीसेक मिनिटे, लाखो घरांत. मिक्सर सगळ्यांना सारखाच चालतो. कपड्याचे तसे नसते. माप, रंग, पोत, वय, प्रसंग या सगळ्यांतून निवड होते. म्हणून वाहिन्यांनी असा कपडा शोधला ज्यात निवडीची गरज कमीत कमी पडेल.

भारतात हे उत्तर आयते मिळाले, ते म्हणजे साडी. साडीला माप लागत नाही. ब्लाउज पीस सोबत असतो, तो शिंपी शिवून देतो. फॉल-पिको गल्लीत होते. ड्रेस मटेरियलचेही तसेच. त्यामुळे आपल्या वाहिन्यांवर शिवलेले, मापाचे कपडे मागे राहिले आणि न शिवलेला कपडा पुढे आला. त्यातही एकच महागडी साडी विकण्यापेक्षा चार-पाच हलक्या, कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा संच विकणे सोपे गेले. एका किमतीत पाच रंग आले की रंग आवडण्या-न आवडण्याचा धोका वाटला जातो: पाचातल्या दोन मनासारख्या निघाल्या तरी बाई समाधानी, उरलेल्या देण्याघेण्याला कामी येतात. हळदीकुंकू, लग्नाचा आहेर, सणाला कामवाल्या बाईंना द्यायची साडी, अशा गरजांवर या कॉम्बोचा खप बराच अवलंबून होता. हे हेरण्यात वाहिन्यांची हुशारी होती, असे माझे मत आहे. पण याच हुशारीत मर्यादाही होती. स्वतः आवडीने नेसायची साडी त्या पडद्यावरून फारशी घेतली जात नव्हती.

अमेरिकेत मापाचा प्रश्न टाळता येणारा नव्हता. तिथे ताणल्या जाणाऱ्या कापडाचे, सैल घाटाचे कपडे, अगदी लहानापासून खूप मोठ्यापर्यंत सगळी मापे एकाच किमतीत, आणि वेगवेगळ्या बांध्याच्या व वयाच्या मॉडेल, हा उपाय काढला गेला. नेहमीच्या दुकानांत ज्यांच्या मापाचे काही मिळत नसे अशा मध्यमवयीन स्त्रियांना इथे पहिल्यांदा आपल्यासारखी बाई कपडे घालून दिसली. त्यांची निष्ठा त्यातून आली. आजही त्या वाहिन्यांच्या विक्रीचा मोठा भाग वारंवार खरेदी करणाऱ्या या तुलनेने छोट्या गटाकडून येतो.

पहिले मत: पडदाच बदलला

प्रसारणक्षेत्रातल्या लोकांचे म्हणणे असे की कपड्यात काही बिघडले नाही. तो ज्यावर दिसायचा ती चौकटच घरातून सरकली. वाहिन्या बदलता बदलता नजर अडकणे, हा या धंद्याचा खरा दरवाजा होता. बातम्यांवरून मालिकेकडे जाताना मध्येच एक निळी साडी दिसायची आणि बोट थांबायचे. आता पाहायचे ते आधी ठरवून, शोधून पाहिले जाते. अमेरिकेत केबल किंवा डिशची जुनी जोडणी असलेली घरे दशकापूर्वीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास उरली आहेत. भारतात पैसे भरून घेतलेल्या डीटीएच जोडण्या काही वर्षांपूर्वी सात कोटींच्या घरात होत्या, 2025 मध्ये त्या सहा कोटींच्या खाली आल्या. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर स्वस्त डेटा गावोगावी पोचला आणि घरातल्या एका टीव्हीची जागा माणशी एका फोनने घेतली.

हे मत आकड्यांवर उभे आहे, आणि वाहिन्यांची एकूण घसरण त्यातून बरीचशी समजते. पण ते सगळ्याच मालाला लागू होते. कपड्यांबद्दल वेगळे काही त्यातून कळत नाही.

दुसरे मत: हिशेबच जुळेना

या वाहिन्या प्रेक्षकांकडून पैसे घेत नाहीत. उलट केबलचालक आणि डीटीएच कंपन्यांना त्याच वहनशुल्क देतात, आणि चांगल्या क्रमांकाजवळची जागा हवी असेल तर जास्त देतात. कोरियात हे ओझे इतके वाढले की टीव्हीवरच्या विक्रीतून होणाऱ्या कमाईचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग वहनशुल्कात जाऊ लागला. 2024 च्या डिसेंबरात सीजेच्या वाहिनीने काही केबलचालकांकडचे प्रसारणच थांबवले.

आपल्याकडे यात रोखीची भर पडली. टीव्हीवरची बहुतेक मागणी ‘माल आल्यावर पैसे’ या बोलीची होती. फोनवर होकार देऊन कुरियर दारात आल्यावर नको म्हणणारे गिऱ्हाईक कपड्यांत अधिक भेटते, कारण तोवर मन बदललेले असते किंवा घरच्यांनी हरकत घेतलेली असते. परत गेलेल्या प्रत्येक पार्सलचा जायचा-यायचा खर्च विक्रेत्यावर पडतो. पाच साड्यांच्या स्वस्त संचात तेवढी फट नसते. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने तर रोख रक्कमच हातातून गेली आणि या धंद्याला त्याची झळ सर्वांत आधी बसली. मार्च-एप्रिलच्या लग्नसराईपर्यंत दुकाने सावरली; काही वाहिन्या सावरल्या नाहीत.

या मताच्या बाजूने बोलायचे तर, वाहिनीवर कपडे दाखवण्याचा वेळ कमी का झाला हे यातून उलगडते. मिनिटागणिक नफा मोजला की दागिने, स्वयंपाकघरातली उपकरणे आणि सौंदर्यप्रसाधने कपड्यापुढे जातात. मग दाखवलेच कमी म्हणून विकले कमी, असाही अर्थ निघतो.

तिसरे मत: कापडाने दगा दिला

ग्राहकांकडून सर्वाधिक ऐकू येते ते हे. स्टुडिओतल्या दिव्यांखाली लखलखणारा जरीकाठ घरी आल्यावर छापील निघतो. रंग एक छटा इकडे-तिकडे असतो. कापड इतके विरळ की आतला परकर दिसतो, किंवा पहिल्या धुण्यात रंग जातो. साडी घेताना बायका पदर दोन बोटांत चुरून पाहतात, घडी मोडून काठ उलटा करून बघतात, उजेडात नेऊन रंग तपासतात. यातले काहीही टीव्हीवर शक्य नव्हते, आणि तक्रारीसाठी फोन लावला की ताटकळणे आले. परतीची सोय कागदावर असली तरी पाचपैकी एकच साडी खराब निघाली तर काय, याला सरळ उत्तर नसे.

या मताला एक भक्कम आधार आहे: इंटरनेटवरच्या दुकानांनी नेमकी हीच पोकळी भरली. तिथे आधी घेतलेल्या बायकांनी घरच्या उजेडात काढलेले फोटो दिसतात, ‘कापड पातळ आहे, घेऊ नका’ असे लिहिलेले सापडते. टीव्हीवर बोलणारी बाजू एकच होती.

पण कोरियाचे उदाहरण याला छेद देते. तिथल्या मोठ्या वाहिन्या वर्षअखेरीस सर्वाधिक खपलेल्या मालाच्या याद्या जाहीर करतात, आणि त्यात वरच्या जागांवर बहुधा कपड्यांच्याच नाममुद्रा असतात, त्याही अनेकदा वाहिन्यांनी स्वतः उभ्या केलेल्या. म्हणजे पडद्यावरून कपडा विकताच येत नाही, हे खरे नाही. कापडाचा दर्जा सांभाळला आणि तीच नाममुद्रा वर्षानुवर्षे टिकवली, तर बाई परत येते. आपल्या वाहिन्यांनी कमीत कमी किमतीची वाट धरली आणि त्या वाटेवर दर्जा सांभाळणे कठीणच होते.

चौथे मत: स्वस्ताई आता सगळीकडे

हे मत थोडक्यात सांगता येते. छोट्या गावातल्या बाईला शहरी तऱ्हेचा कपडा परवडणाऱ्या किमतीत देणे, हे टीव्हीचे मोठे बळ होते. ते एकट्याचे राहिले नाही. फ्लिपकार्टने 2010 मध्येच घरपोच माल आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. 2015 मध्ये निघालेल्या मीशोने व्हॉट्सॲपवरून साड्या-कुर्ते विकणाऱ्या गृहिणींचे जाळे विणले आणि पुढे थेट विक्रीतही हलक्या किमतीच्या कपड्यांवर भर दिला. 2016 पासून टाटा समूहातल्या ट्रेंटची झुडिओची दुकाने आली. आता ती मध्यम शहरांतही दिसतात आणि तिथे कपडा अंगाला लावून बघता येतो. किमतीवरच आलेले गिऱ्हाईक किमतीसाठीच जाते, यावर व्यापाऱ्यांत फारसा मतभेद नाही.

पाचवे मत: गिऱ्हाइकाचे वय

अमेरिकेतल्या चर्चेत हा मुद्दा ठळक आहे. टीव्हीवरून कपडे घेणारी स्त्री पन्नाशीपुढची, आणि तिच्या मागून नवी पिढी आलेली नाही. नोकरीतून निवृत्त झालेल्या बाईची कपड्यांची गरज कमी होते, कपाट भरलेले असते; घर आणि आरोग्य यांवरचा खर्च वाढतो. करोनाकाळात घरी बसून टीव्हीवरची खरेदी वाढली तरी त्या वेळी कपडे मागे पडले होते आणि घरगुती वस्तू पुढे गेल्या होत्या. क्यूव्हीसीने तर 2024 मध्ये पन्नाशीपुढच्या स्त्रियांनाच उघडपणे आपल्या केंद्रस्थानी घेतले.

तरी एक बारकावा नोंदवायला हवा. करोनानंतर इलेक्ट्रॉनिक्स आणि घरगुती वस्तूंची विक्री जोरात घसरली तेव्हा क्यूव्हीसीचा कपड्यांचा विभाग तुलनेने टिकून राहिला. त्यामुळे कपडे इतर मालापेक्षा जास्त घसरले असे सरसकट म्हणता येत नाही. कोणत्या वर्षापासून मोजता यावर उत्तर बदलते. भारतात वयाचा मुद्दा जसाच्या तसा लागू होत नाही, कारण इथल्या वाहिन्यांनी एक पिढी म्हातारी होण्याइतका काळ पाहिलाच नाही.

फोनवरच्या थेट विक्रीने घातलेला पेच

या सगळ्या मतांना एका घटनेने अडचणीत आणले आहे. दाखवून, नेसवून, बोलत बोलत कपडा विकणे संपलेले नाही. ते फोनवर आले आहे. चीनमध्ये 2016 पासून ताओबाओ या ऑनलाइन बाजारपेठेच्या थेट प्रक्षेपणांनी प्रचंड उलाढाल केली, त्यात कपड्यांचा वाटा मोठा. क्यूव्हीसीने स्वतः एप्रिल 2025 पासून अमेरिकेत टिकटॉकवर चोवीस तास विक्री सुरू केली. भारतात टिकटॉकवर जून 2020 मध्ये बंदी आली, पण फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब होतेच.

महाराष्ट्रात हे रोज बघायला मिळते. येवल्याची पैठणी, इरकल, नारायणपेठ, खण यांची थेट विक्री संध्याकाळी किंवा दुपारच्या जेवणानंतर सुरू होते. विकणारी ताई साडीवर क्रमांक लावते, पदर कॅमेऱ्याजवळ आणते, कुणी विचारले तर काठ उलटा करून दाखवते. घ्यायची असेल तिने स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवायचा, यूपीआयने पैसे भरायचे, कुरियर येते. पुण्या-कोल्हापुराबरोबरच दुबई आणि न्यू जर्सीतल्या मराठी बायकाही त्यात असतात.

आता अटी पाहा. बहुतेक ठिकाणी पैसे आधी. परत घेणार नाही, बदलून देणार नाही. पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ असेल तरच तक्रार ऐकली जाईल. या अटी टीव्हीवरच्या वाहिन्यांपेक्षा कडक आहेत. रोखीची सोय नाही, परतीची हमी नाही, कापडाला हात लावता येत नाही, आणि तरीही खरेदी होते. त्यामुळे केवळ परतीच्या गैरसोयीमुळे किंवा हात लावता न आल्यामुळे बायकांनी टीव्ही सोडला, हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

वेगळे काय आहे? माझ्या समजुतीने दोन गोष्टी. पहिली, विचारता येते. ‘ताई, हा राणी कलर आहे की वांगी?’ याचे उत्तर त्याच क्षणी मिळते आणि ते इतर दोनशे जणींना ऐकू जाते. दुसरी, विकणारी ओळखीची असते. ती आठवड्याला चारदा दिसते, तिच्या मुलाची परीक्षा कधी आहे हे गिऱ्हाइकांना माहीत असते, आणि मागच्या वेळी खराब साडी दिली असेल तर त्याच प्रक्षेपणाखाली सगळ्यांसमोर कुणीतरी तसे लिहिते. अमेरिकेतल्या वाहिन्यांनी हे ओळखले होते. तिथले निवेदक वर्षानुवर्षे तेच राहिले आणि प्रेक्षकांचे फोन कार्यक्रमात घेतले गेले. आपल्या वाहिन्यांवर बरेचदा आधी मुद्रित केलेला तोच भाग फिरत राहिला.

अजून न सुटलेले

काही प्रश्नांवर एकमत नाही. फोनवरच्या थेट विक्रीला संघटित रूप देता येईल का, हा पहिला. मिंत्राने 2021 मध्ये तसा प्रयत्न सुरू केला, पण आपल्याकडे मोठ्या ॲपपेक्षा घरगुती विक्रेतीकडेच ही पद्धत अधिक रुजलेली दिसते. ओळखीवर चाललेला धंदा मोठा केला की ओळख राहते का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. क्यूव्हीसीसारखी शेअर बाजारात नोंदलेली कंपनी कपड्यांचा वाटा वेगळा दाखवते. आपल्याकडच्या चर्चेत वाहिनीची एकूण उलाढाल तेवढी पुढे येते, त्यामुळे पडदा, खर्च आणि विश्वास यांपैकी कशाचा भार किती, हे वेगळे काढणे अवघड होते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ॲप वापरता येत नाही, यूपीआयची भीती वाटते, वाचनाची सवय नाही, पण फोन लावून आपल्या भाषेत बोलता येते, अशा स्त्रीसाठी टीव्हीची वाहिनी घरबसल्या कापड घेण्याचा सोपा मार्ग होती. तिच्यासाठी नव्या व्यवस्थेत कोणती सोय आहे? टीव्हीची विक्री मोजणाऱ्यांना आणि फोनची विक्री वाढवणाऱ्यांना या प्रश्नाशी अजून फारसे देणेघेणे दिसत नाही.

वाहिन्यांची आर्थिक पडझड वहनशुल्क, कुरियर आणि घटत्या जोडण्यांतून समजते, असा माझा निष्कर्ष आहे. गिऱ्हाईक मात्र विचारायला आणि पारखायला जागा मिळेल तिकडे गेले. ती जागा आता ज्यांच्या हातात आहे त्या विक्रेत्यांना एवढीच विनंती: कापड कोणत्या धाग्याचे आहे ते स्पष्ट सांगा, आपला पूर्ण पत्ता आणि बिल द्या, आणि एक साधा फोन नंबर असा ठेवा की जो माणूस उचलेल. ग्राहकानेही बिल मागून घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता कुठल्याही गावचा असो.